रोपं घरात हिरवीगार, वावरात तिसऱ्या दिवशी आडवी

जानेवारी संपत आला की माझ्याकडे टोमॅटोच्या रोपांचं एकच गाऱ्हाणं येतं. "ताई, घरी होती तोवर रोपं अशी झकास होती. लावली अन् तिसऱ्या दिवशी मान टाकली." मग बियाणंच बोगस होतं, दुकानदारानं फसवलं, कुणाची तरी नजर लागली, इथपर्यंत गोष्ट जाते. माझीही तीन-चार वर्षं यातच गेली. आता माझं म्हणणं असं आहे की वावरात मेलेलं रोप बहुतेक वेळा घरातच बिघडलेलं असतं, आणि कोणत्या आठवड्यात बिघडलं ते त्याच्या मानेवर दिसतं. मान म्हणजे मातीपासून पहिल्या दोन गुळगुळीत पानांपर्यंतचा देठ. आधी तिथं बघायचं, पानांकडे नंतर.

आमचं गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. जमीन काळी, भारी. खरिपात सगळं वावर पराटी, म्हणजे कापूस, आणि तुरीत जातं, विहिरीजवळचा अर्धा एकर तेवढा उन्हाळी टोमॅटोला. जुनी माणसं अजून भेदरंच म्हणतात. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, आणि दिवस पस्तीस अंशांच्या वर जाऊन रात्रीही उकाडा राहायला लागला की फूल गळतं, फळ धरत नाही. म्हणजे फुलोरा मार्चमध्ये हवा, त्यासाठी लावण जानेवारीअखेर आणि बी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. नेमकी तेव्हाच थंडी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या साली मी बाहेर गादीवाफ्यावर टाकलेलं बी तीन आठवडे झाले तरी डोकं वर काढेना. तेव्हापासून रोपांचे खणाखणांचे ट्रे घरात.

घरात आणलं आणि नव्या भानगडी सुरू झाल्या.

ढीग उकलायला एक रात्र उशीर

ट्रे कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशानं, भरून, बी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल टाकून, एकावर एक रचायचे, प्लास्टिकनं गुंडाळायचे, वर जुनी वाकळ. आमचा ढीग चुलीच्या खोलीत भिंतीशी असतो, तिथं रात्रीही ऊब राहते. टोमॅटोच्या उगवणीला पंचवीस ते तीस अंश मानवतात. तेवढी ऊब मिळाली तर सहा-आठ दिवसांत कोंब, पंधरा अंशांवर दोन आठवडे. इथवर सगळ्यांचं बरोबर असतं.

चूक होते ती सगळं बी वर यायची वाट पाहण्यात. अंधारात कोंब उजेड शोधत पळतो आणि एका रात्रीत मान बोटभर लांब होते. ती पुन्हा आखूड होत नाही. एका वर्षी नात्यातल्या लग्नाला गेलो, दीड दिवसानं परत आलो. वाकळ काढली तर मटकीला मोड यावेत तशी पांढरी सुतं ट्रेच्या वर लोंबत होती. दहा ट्रे, हजारावर रोपं. पुढे महिनाभर त्यांची सेवा केली, पण ती कधी उभी राहिली नाहीत.

चौथ्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ ढिगातला मधला ट्रे काढून बघते. मधलाच, कारण ऊब तिथं जास्त आणि कोंबही तिथं आधी. शंभर खणांत दहा-पंधरा ठिकाणी पाठ वाकवून कोंब वर येताना दिसले की सगळा ढीग उकलायचा. बाकीचे उजेडात येतात, त्यांची काळजी नको.

मान लांब, पान पिवळट, सगळी एका बाजूला झुकलेली

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि हिचं कारण आमच्या भागात मोठं गमतीशीर आहे. डिसेंबरात भाव पडलेला असतो म्हणून कापूस विकायचा थांबवतात आणि घरात रचून ठेवतात. ज्या खोलीला खिडकी, तिथंच कापूस, आणि उरलेल्या जागेत रोपांचे ट्रे. आमच्याकडे कापसाची थप्पी खिडकीच्या अर्ध्यावर गेली होती. मला वाटायचं, खोलीत उजेड तर आहे, वर्तमानपत्र वाचता येतं. दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, खिडकीच्या आत दोन हातांवर तो हजार-दोन हजारांवर येतो. डोळा जुळवून घेतो, रोपाला ते जमत नाही. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एक दिवस ट्रे उचलून पाहिला. "हे रोपटं व्हय का वं? हे त सुतळी हाय."

उजेड पुरतो का ते तपासायला मीटर लागत नाही. दुपारी ट्रेच्या वर वीतभर हात धरा. सावलीची कड रेखीव पडली तर ठीक. सावली धुरकट, कुठं संपते ते कळत नाही, तर रोप लांबणारच. वीस वॅटची एलईडी पट्टी लावायची तर छताला लावून उपयोग नाही. पानांपासून चार-सहा इंचांवर टांगायची, रोप वाढेल तशी वर सरकवायची, दिवसाचे चौदा-सोळा तास. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही म्हणून मी ते सोडून दिलं.

त्यापेक्षा सोपं उत्तर अंगणातच होतं, मला ते उशिरा दिसलं. विदर्भातली थंडी रात्रीची असते. जानेवारीतही दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश आणि लख्ख ऊन. मग रोपांना दिवसभर घरात कशाला कोंडायचं? बी उगवेपर्यंत घर, उगवल्यावर घर फक्त रात्रीचं. ढीग उकलला त्याच दिवशी ट्रे छपरीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन. उगवल्यापासून उनात वाढलेल्या रोपाला नंतर ऊन शिकवावं लागत नाही. लोक घरात ठेवतात ते बकऱ्या, कोंबड्या आणि वांदरांच्या भीतीनं, आणि ती भीती खरी आहे. मी जुन्या खाटेवर ट्रे ठेवून वरून कीटकरोधक जाळी टाकते, कडा विटांनी दाबते. वांदरं आली तर मात्र कुणीतरी काठी घेऊन बसावंच लागतं, त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

लांबण्याची आणखी दोन कारणं. एक, दाटी: एका खणात दोन रोपं असली तर एक चिमट्यानं कापायचं, उपटायचं नाही, नाहीतर दुसऱ्याची मुळं हलतात. दुसरं, युरिया. पिवळं दिसलं की युरियाचं पाणी, ही आपली सवय. त्यानं रोप हिरवं होतं आणि आणखी लुसलुशीत होतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं खत जवळजवळ नसतंच, तेव्हा पंधरा दिवसांनंतर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, इतकं पुरे.

एक गोष्ट ऐकायला वेडेपणाची वाटेल. रोज सकाळी पानं कोरडी असताना रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवायचा, दहा-पंधरा वेळा, वाऱ्यानं हलावीत तशी. हललेलं रोप उंच कमी वाढतं, खोड जाड करतं. हे काम आमच्या घरी नातीकडे आहे.

मान बारीक, तपकिरी, दोरा आवळल्यासारखी

ही रोपं कोलमडण्याची बुरशी. पिथियम आणि रायझोक्टोनिया यांचं हे काम. मातीलगत मान पाणावते, आकसते आणि वरचं पान हिरवं असतानाच रोप आडवं पडतं. एका कोपऱ्यातून सुरू होऊन गोल पसरत जातं. पडलेलं रोप उठत नाही, त्यावर औषध वाया घालवू नका. तो खण आणि आजूबाजूचे खण काढून टाका, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम, मुळाशी.

पण हे दरवर्षी होत असेल तर औषध बदलण्यापेक्षा पाणी घालायची वेळ बदला. संध्याकाळी पाणी घातलं की थंड रात्रभर मान ओली. मी सकाळी नऊच्या सुमारास घालते, तेही वरचं कोकोपीट फिकट दिसायला लागल्यावरच. कोकोपीट मुठीत दाबलं तर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, ओघळ लागायला नको. ट्रे सारवलेल्या जमिनीवर टेकवू नका, खालून गारवा आणि ओल दोन्ही धरतात. विटांवर किंवा खाटेवर ठेवले की खालून हवा खेळते. गेल्या वर्षीचे ट्रे नुसते झटकून वापरू नका, धुऊन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि उन्हात वाळवा.

वावरातली काळी माती ट्रेमध्ये भरू नका. ओली झाली की चिखल, वाळली की खणाच्या आत आकसून मुळं तोडते. गादीवाफ्यावरच करायचं असेल तर मे महिन्यात माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवून ठेवा. आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन फुकट मिळतं, तेवढं तरी वसूल होतं. बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, चोळायचं असेल तर आधी बी बघा. संकरित पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसत असेल तर त्यावर बुरशीनाशक आधीच लावलेलं असतं. त्यावर ट्रायकोडर्मा चोळलं तर तीही बुरशीच, ती मरते. अशा वेळी ते कोकोपीटमध्ये मिसळा.

चुलीची राख टाकण्याबद्दल नेहमी विचारतात. राखेनं वरचा थर कोरडा होतो, म्हणून थोडा फरक दिसतो. पण राख खारट-चुनखडी अंगाची, जास्त पडली की कोवळी मुळं भाजतात. मी टाकत नाही.

पान खालून जांभळं

याला काही करू नका. थंडीत मुळं स्फुरद उचलत नाहीत म्हणून रंग येतो. डीएपीसारखं स्फुरदाचं खत घालून तो जात नाही, चार उबदार रात्री मिळाल्या की जातो.

बाहेर काढलं आणि पानावर पांढरे कागदी चट्टे

एका वर्षी ढगाळ हवा होती म्हणून मी रोपं दोन आठवडे आतच ठेवली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि उत्साहात सगळे ट्रे सकाळी नऊला अंगणात. चार वाजता वरच्या पानांवर पांढरे, पातळ कागदासारखे चट्टे. दुकानात पान घेऊन गेले तर करपा म्हणून दोन डबे हातात दिले. तो करपा नव्हता, ऊन लागलं होतं. ओळख सोपी आहे: चट्टे फक्त उन्हाकडच्या बाजूला, सगळ्या ट्रेवर एकाच दिवशी, आणि वरच्या पानानं ज्याला झाकलं तो खालचा भाग शाबूत. रोग असा एकाच दुपारी सगळीकडे येत नाही.

घरात वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पानाच्या छिद्रांना मिटायची सवय नसते. उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पाणी भराभर उडतं, मूळ पुरवू शकत नाही. ती सवय लावायला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. त्याला हार्डनिंग म्हणतात, आत्या म्हणतात "रोप काटक करणं".

घरातच वाढलेल्या रोपांसाठी माझी पद्धत अशी. पहिले दोन दिवस कडुनिंबाखाली, सकाळचे दोन तास. निंबाची सावली गच्च नसते, कवडसे हलत राहतात, त्यामुळे पान एकाच जागी भाजत नाही. निंब नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साडेनऊ-दहापर्यंत उघडं ऊन, मग सावली. पुढे रोज तास-दीड तास वाढवत सातव्या दिवशी पूर्ण दुपार. त्यानंतर दोन-तीन रात्री बाहेर, पण पारा दहाच्या खाली जाणार असेल तर आत. मधे एखादा दिवस उत्तरेचा बोचरा वारा सुटला तर त्या दिवशी ऊन कमी द्यायचं. वारा उन्हाइतकाच सुकवतो, हे लोक विसरतात.

याच काळात पाणी कमी करायचं, आणि इथं फार घोळ होतो. कमी म्हणजे बंद नव्हे. पानाची चमक जरा उतरली, ट्रे उचलून हलका लागला, की पाणी द्यायचं. पान लोंबेपर्यंत थांबलात तर ते काटक होणं नव्हे, ती उपासमार आहे. युरिया या आठ दिवसांत अजिबात नको. झालं की नाही हे कसं ओळखायचं? शेंडा बोटानं वाकवून सोडा, टुणकन परत यायला हवा. पान गडद आणि जाडसर लागतं, खोडाच्या बुडाशी जांभळट छटा येते. दहा दिवसांच्या पुढे मात्र ताणू नका. रोप खुरटतं, खोड लाकडासारखं होतं, ट्रेमध्येच कळी धरतं आणि वावरात गेल्यावर लवकर हलत नाही.

रोपं बाहेर कुठं ठेवता तेही बघा. पराटीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, ठेवू नका. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेली पराटी, उभी असेल तर तिच्यावरची पांढरी माशी तुमच्या कोवळ्या पानांवर उतरते आणि बोकड्या, म्हणजे पान चुरडण्याचा विषाणू, घेऊन येते. चाळीस ते पन्नास मेशची जाळी यासाठीच. अर्का रक्षकसारखी बोकड्याला दाद न देणारी संकरित जात घेतली तरी मी जाळी सोडत नाही.

पान चुरडलं म्हणजे बोकड्याच असंही नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या सहा ट्रेंची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक, पळीसारखी वळलेली निघाली. बोकड्या म्हणून फेकायला निघाले होते. मग लक्षात आलं, बोकड्या इथं एक, तिथं एक असा येतो, आणि ही सगळी रोपं एका दिवसात सारखीच वळली होती. चार दिवसांपूर्वी शेजारच्या भाऊंचा पंप आणून त्यातून खत फवारलं होतं. त्या पंपानं त्यांनी गव्हाला टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. पंप धुतलेला होता, पण टोमॅटोला त्याचा वासही पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा. आमच्या छपरीत आता दोन पंप आहेत.

आता तिसरा दिवस

इतकं सगळं नीट करूनही तिसऱ्या दिवशी रोप माना टाकत असेल तर कोकोपीटचा गड्डा उकरून बघा. दुपारी मान पडते आणि संध्याकाळी उठते, तर ते नुसतं ऊन, सोडून द्या. संध्याकाळीही उठत नाही आणि मान हिरवी आहे, तर बहुतेक गड्डा कोरडा सापडेल, आणि त्याच्याभोवती करंगळीचं टोक जाईल एवढी फट. आपली काळी माती वाळताना आकसते, गड्ड्याला सोडून बाजूला होते. मूळ अजून गड्ड्याच्या बाहेर आलेलं नसतं. वरून गड्ड्याचं तोंड मातीबाहेर राहिलं असेल तर ते वातीसारखं पाणी ओढून उडवतं.

म्हणून लावायच्या आधी ट्रे पाण्यात बुडवून गड्डे गच्च भिजवा, गड्ड्यावर बोटाच्या पेरभर माती येईल असं लावा, बाजूनं दाबा. लावण चारनंतर. आणि तिसऱ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं, हलकं पाणी, ते फटी बुजवतं. कृषिपंपाच्या लाइनची पाळी दिवसाची आहे की रात्रीची ते बघूनच लावणीचा दिवस ठरवा. रात्री एक वाजता लाइन आली आणि उठायला जमलं नाही, तर आंबवणी पाचव्या दिवसावर जाते, आणि पाचवा दिवस उशीर असतो.

लांब मानेची रोपं उरली असतील तर टाकू नका. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. पण भारी जमिनीत खोल खड्डा करू नका, तळाशी पाणी साचून खोड कुजतं. उथळ चर काढा, खालची पानं खुडा, रोप तिरकं आडवं निजवून शेंडा तेवढा वर ठेवा. दोन दिवसांत तो आपोआप सरळ होतो. कलम केलेल्या रोपाला हे चालत नाही, त्याचा सांधा मातीच्या वरच राहायला हवा.

सकाळी रोप जमिनीलगत कापून पडलेलं दिसलं तर बुरशीला दोष देऊ नका. बुडाशी माती उकरा, गुंडाळी करून बसलेली मातकट अळी सापडेल. आणि शेंडेच्या शेंडे गायब असतील तर ते रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, काम, त्यासाठी कुंपण बघावं लागेल.

दर दहा ट्रेंमागे एक ट्रे मी लावत नाही. तो निंबाखाली खाटेवरच ठेवते, पाणी बेतानं. आठव्या-दहाव्या दिवशी वावरातून एक चक्कर मारायची, मेलेली जागा दिसेल तिथं काडी खोचायची आणि त्याच संध्याकाळी या ट्रेमधून नांग्या भरायच्या.